सतरावी ताटली

१

मला वाटलं होतं, उपासमार सापडेल.

एडिंबरात पाच वर्षं पशुवैद्यकी शिकताना मी दर शनिवारी तिथल्या प्राण्यांच्या निवाऱ्यात राबत असे. पिंजरे धुताना डोळ्यांसमोर नागपूरचा निवारा यायचा: फासळ्या मोजता येतील अशी कुत्री, खरूज, कोरड्या कुंड्या, बाजेवर घोरणारा नोकर. त्या नोकराशी आणि संस्थेच्या चिटणिसाशी काय बोलायचं ते मी शब्दन् शब्द ठरवून ठेवलं होतं.

१९७८च्या मे महिन्यात जरीपटक्याच्या पलीकडच्या त्या निवाऱ्यात मी पगाराशिवाय डॉक्टर म्हणून रुजू झाले. आणि सापडलं ते असं: सारवलेलं अंगण, कडुनिंबाची सावली, काठोकाठ भरलेल्या कुंड्या. सोळा म्हातारी जनावरं, अकरा कुत्री आणि पाच मांजरं. कुणाच्या डोळ्यात मोतीबिंदू, कुणाला संधिवात, पण सगळ्यांची पोटं भरलेली. माझ्या भाषणाला कुठे जागाच नव्हती.

चारच्या ठोक्याला धोंडबाने कडुनिंबाखाली जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटल्या ओळीत मांडल्या. धोंडबा साठीचा, उघडा, खांद्यावर दुपट्टा. त्या निवाऱ्यातला तो एकुलता एक नोकर. ज्वारीच्या कण्या आणि वर शिजवलेली वजडी. मी सवयीने ताटल्या मोजल्या. सतरा होत्या.

"एक जास्त झाली, धोंडबा."

"हो बाई."

"कुणासाठी?"

"राहू द्या. ठेवा लागते."

अखेर राग यायला जागा मिळाली. ताटलीभर अन्न रोज याच्या घरी जातं, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

बाहेर पडताना फाटकाच्या खांबाला काथ्याचा एक दोर दिसला. जुना, काळा पडलेला, गाठ खांबात रुतलेली. हातभर लोंबणारं टोक कापलेलं नव्हतं. कुरतडलेलं होतं.

"हा कशाला ठेवलाय?"

"गाठ सुटत नाही, बाई."

"मग कापून टाका."

धोंडबाला तेवढ्यात आत काहीतरी काम आठवलं.

२

चोर पकडायचा म्हणून दुसऱ्या दिवशी चार वाजता मी ओळीपाशीच उभी राहिले. सोळा जनावरं आपापल्या ताटलीला लागली. फाटकाजवळची पहिली ताटली तशीच राहिली. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. हे मला विचित्र वाटलं, कारण भुकेलं कुत्रं शेजाऱ्याच्या ताटलीत तोंड घालतंच, स्कॉटलंडमधलंही घालतं.

एका मांजरीचा कान पिकला होता. मी धोंडबाला तिला धरायला लावलं आणि कान साफ केला. तो पूर्ण वेळ माझ्यासमोर होता, दोन्ही हातांनी मांजर धरून. मान वर केली तर पहिली ताटली रिकामी होती. नुसती रिकामी नव्हे, चाटूनपुसून लख्ख.

"कावळा," मी म्हणाले.

धोंडबाने मांजरीला खाली सोडलं. कावळा ताटली चाटत नाही, हे मलाही ठाऊक होतं.

रात्री मी त्यावर शास्त्रीय उत्तर काढलं. बाहेरचं एखादं कुत्रं कुंपणातून येत असणार, आणि धोंडबाचा त्यावर जीव असणार. यात भावनेचा प्रश्न नव्हता. बाहेरून येणारं जनावर रोग आणतं. पिसाळलेलं असलं तर सोळाच्या सोळा गेली. सकाळी मी त्याला स्वच्छ सांगितलं, "ज्याची इथे नोंद नाही त्याला इथे अन्न मिळणार नाही. आजपासून सोळाच ताटल्या."

"बाई, तसं नका करू."

"कारण सांगा."

त्याने दुपट्ट्याने तोंड पुसलं. "कारण नाही सांगता येत."

"मग नियम तो नियम."

त्या दिवशी सोळा ताटल्या मांडल्या. जनावरं आली. फाटकाजवळची पहिली ताटली मोकळी सोडून दुसरीपासून उभी राहिली. प्रत्येकजण एक घर मागे सरकला होता. ओळीच्या शेवटी कप्तान उरला, त्याच्यापुढे ताटलीच नव्हती.

कप्तान हा तेरा वर्षांचा तांबडा कुत्रा. एका रेल्वे अधिकाऱ्याची बदली झाली, तेव्हा फर्निचर मालगाडीच्या वाघिणीत गेलं आणि कप्तान इथे आला. नवे पडदे घेऊन गेलेल्या त्या माणसाला मी मनात रोज शिव्या घालत असे. मी कप्तानला वेगळी ताटली दिली. त्याने ती हुंगली, आणि नाकाने ढकलत ढकलत, जमिनीवर खरखर आवाज करत फाटकाच्या दिशेने नेली. मग येऊन आपल्या रिकाम्या जागेवर बसला.

चार दिवस हेच. चार दिवसांत त्याने मोजके घास खाल्ले, तेही माझ्या हातून.

हट्ट, मी वहीत लिहिलं. वयोमानाने येणारा चक्रमपणा. वातावरण बदलल्यास सुधारेल.

३

वातावरण बदलण्याचा उपाय माझ्याकडे तयारच होता. म्हातारं जनावर घरी न्या, असे हाताने लिहिलेले कागद मी सीताबर्डीच्या वीस-पंचवीस दुकानांत चिकटवून आले. घरी नेणाऱ्यासाठी एक छापील अर्ज केला: जनावराचं वय, खूण, आणि आपण हे जनावर का नेत आहात. खाली नेणाऱ्याची सही, त्याखाली चिटणिसांची.

चिटणीस गोपाळराव. गांधीबागेत त्यांचं कापडाचं दुकान. गादीवर बसूनच ते संस्था चालवत. अर्ज पाहून हसले.

"म्हातारं कुत्रं कोण नेते, लतिकाबाई? लोकं म्हाताऱ्या बापाले नेत नाही."

"बापाला कुणी फाटकाला बांधून जात नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून. मग कोऱ्या अर्जांवर सह्या करून दिल्या.

आठवड्याच्या आत सिंधूताई आल्या. दवाखान्यात तीस वर्षं बाळंतपणं करून निवृत्त झालेल्या नर्स, जवळच इंदोऱ्यात दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या. छत्री मिटली, ओळीने सगळ्या जनावरांचे दात पाहिले आणि कप्तानपाशी थांबल्या.

"मले पिल्लू नको. पिल्लाच्या मागं धावाले माझे गुडघे नाही. हा बरा आहे. खंगला काहून पण?"

"घरच्या मायेला."

"मग खाईन तो." अर्जावर का नेत आहात यापुढे त्यांनी लिहिलं: एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो.

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. एडिंबरातली सगळी भाषणं या एका वाक्यापुढे फिकी होती.

कप्तान निघाला. फाटकापाशी, त्या दोराच्या खांबाजवळ तो बसला. सिंधूताईंनी साखळी हलवली. तो हलला नाही.

"कोणाची वाट पाहतो गा?" त्या म्हणाल्या.

दोन-तीन मिनिटं गेली. मग तो उठला आणि चालू लागला. पण मधोमध नव्हे. रस्त्याची डावी बाजू मोकळी सोडून, सिंधूताईंच्या पायांना घासत, शेजारून कुणी चालत असावं तसा.

दुसऱ्या दिवशी पंधरा ताटल्या, पंधरा जनावरं. पहिली ताटलीही एका मांजरीने चाटली. मध्ये कुठे मोकळी जागा नव्हती.

"पाहिलंत?" मी धोंडबाला म्हणाले.

"पाहिलं, बाई," तो म्हणाला. त्याने फाटकापलीकडच्या रस्त्याकडे पाहिलं आणि दुपट्टा डोळ्यांना लावला. मला वाटलं, कप्तानची आठवण.

४

नवव्या दिवशी सकाळी अकराला सिंधूताई परत आल्या. नवतपा लागला होता, रोहिणी नक्षत्राचे ते नऊ दिवस ज्यांत नागपूरचा रस्ता चपलेला चिकटतो. त्या घामाने भिजल्या होत्या, पण बसल्या नाहीत.

"डॉक्टरबाई, मी भुताखेताले मानत नाही. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा तोंडानं बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, आणि पाळल्या. हे आधी सांगून ठेवते."

"बरं."

"तुम्ही एक कुत्रा दिला. मी दोघांचं करून राहिली."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"कप्तान पडवीत बसून राहते. उन्हात. मी आत बोलावते, तर उंबऱ्याशी येऊन परत जाते. आणि आतल्या खोलीत पाणी पिण्याचा आवाज येते. लप लप. मी स्वतः मोरीत होती, कप्तान बाहेर होता. वाटी रिकामी."

"उंदीर. घूस असेल."

"तीस वर्षं नाईट ड्यूटी केली, बाई. घूस मले समजते." त्यांनी पदराने मान पुसली. "ते राहू द्या. मी त्याच्यासाठी नाही आली. कप्तान खात नाही. त्याच्यापुढं ठेवलं का तो ताटली ढकलत आतल्या खोलीत नेऊन देते. दुसरी ठेवली, तीही नेते. मी तीन ठेवून पाहिल्या. आता त्याचे मागचे पाय लटपटतात. माझ्या घरी मरीन तो, आणि मले ते पाहायचं नाही."

"म्हणजे परत आणणार?"

"तुम्हीच सांगा काय करू."

मला भयंकर संताप आला. पंधरा दिवसही झाले नव्हते. तो रेल्वे अधिकारी, आणि आता ही. मी जे बोलले ते आठवून अजून लाज वाटते. जनावर म्हणजे पातळ नव्हे, आवडलं नाही की दुकानात परत द्यायला, असं काहीतरी मी म्हणाले.

सिंधूताईंनी ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "तुम्ही किती नेले घरी?"

मी धरमपेठेत खोली घेऊन राहत होते. घरमालकीणबाईंना जनावर चालत नाही, हे खरंच होतं. मी तेच सांगितलं.

"हं," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाचं काहीतरी असतेच."

५

मी त्यांच्याबरोबर गेले. मला सिद्ध करायचं होतं.

दुपारचे साडेबारा. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पडवीत कप्तान पडला होता, उन्हाच्या पट्ट्यापासून हातभर अंतरावर. नऊ दिवसांत त्याच्या कमरेची हाडं वर आली होती. माझ्या मनात जे चित्र मी एडिंबरात रंगवलं होतं, तेच हे होतं. आणि ते मी केलं होतं. शेपटीचं टोक त्याने दोनदा हलवलं. मी त्याच्या हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, ताप मोजला. आजार कुठलाच नव्हता. हा कुत्रा निव्वळ उपाशी होता. आणखी चार दिवस काढले असते तर पुष्कळ.

पहिली खोली लख्ख. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोनाड्यात औषधाच्या बाटल्या, त्यांच्यावरही धूळ नाही. आतल्या खोलीच्या खिडकीला वाळ्याची ताटी, तिच्यातून हिरवट अंधार आणि ओला सुगंध. भिंतीला लागून लोखंडी पलंग. त्याच्या पायाशी तीन ताटल्या. तिन्ही चाटूनपुसून लख्ख.

"पाहा," सिंधूताई दारातच थांबून म्हणाल्या.

मी खिडकी पाहिली, जाळी धड. मोरीचं भोक पाहिलं, मूठभरही नव्हतं. फरशी ठोकली. पलंगाला तीन बाजूंनी भिंत, खाली अंधार. मी एकेक गोष्ट मोठ्याने बोलत होते, वर्गात बोलतात तशी, आणि माझा आवाज मला जरा जास्तच मोठा वाटत होता.

तेव्हा पाणी पिण्याचा आवाज आला.

मी मागे वळून पाहिलं. दारातून पडवी सरळ दिसत होती. कप्तान तिथेच होता, डोकं जमिनीवर, तोंड मिटलेलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या पायांच्या मागे बघत होता.

आवाज थांबला.

मी हळूच मान वळवली. पलंगाखालून फरशीवर एक दोर बाहेर आलेला होता. काथ्याचा, काळा पडलेला. हातभर. त्याचं टोक कुरतडलेलं होतं. मघाशी मी तिथेच उकिडवी बसले होते, आणि तो तिथे नव्हता.

मी बघत असताना तो आत सरकू लागला. ओढल्यासारखा नाही, एखादं थकलेलं जनावर कूस बदलतं आणि गळ्यातला दोर मागे जातो, तसा. अर्धा आत गेला आणि थांबला. त्याला कळलं होतं की मी पाहतेय.

वाकलं की खाली दिसलं असतं. डॉक्टर आहे मी. मेलेली, सडलेली, आतून उघडी केलेली जनावरं पाहिली आहेत. मी वाकले नाही.

६

चार वाजता मी निवाऱ्यात होते. धोंडबा ताटल्या मांडत होता. मी त्याला हाताला धरून फाटकाच्या खांबापाशी आणलं आणि दोराकडे बोट दाखवलं. यावेळी त्याला आत काम आठवलं नाही.

"तीन साल झाले," तो म्हणाला. "असाच नवतपा होता. कोणतरी पहाटे बांधून गेलं. म्हातारं कुत्रं. गोपाळराव पचमढीले गेले होते."

"मग?"

त्याने फाटकावरची पाटी दाखवली. मी ती रोज वाचत असे: चिटणिसांच्या सहीशिवाय जनावर आत घेऊ नये.

"पाणी दिलं मी. खाणंही दिलं, फाटकाबाहेर. सावली नव्हती तिथं. ते आत पाहून राहे, या लोकांकडं. रडे नाही. तीन दिवस." त्याने दुपट्टा खांद्यावर नीट केला. "चौथ्या दिवशी पाहिलं तर दोर तुटलेला. आजूबाजूला सगळं शोधलं. काही नाही. आणि चार वाजता हे सगळे एक एक घर सरकून उभे राहिले."

"तुम्ही फाटक का नाही उघडलंत?"

"सही नव्हती, बाई."

मी तिथून तशीच गांधीबागेत गेले. गोपाळराव एका गिऱ्हाइकापुढे छापील वायल उलगडत होते. मी गिऱ्हाइकासमोरच बोलले. तीन दिवस, नवतप्यात, आतल्या कुंड्या भरलेल्या दिसताहेत अशा ठिकाणी. एका सहीसाठी. माझा आवाज चढला होता. शेजारच्या दुकानातली माणसं डोकावत होती.

गोपाळरावांनी कापडाची घडी घातली.

"धोंडबानं बरोबरच केलं. सगळ्यांले आत घेतलं तर आहे त्यांचे हाल होते. नियम काहून असते?" मग ते जरा पुढे झुकले. त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, तेच जास्त लागलं. "तुम्हीही तर हेच केलं, लतिकाबाई. ज्याची नोंद नाही त्याले अन्न नाही. धोंडबा सांगाले आला होता मले, बाईले समजवा म्हणे. मी म्हटलं, शिकून आली पण पक्की नियमाची आहे."

मी सायकल काढली आणि धरमपेठेला निघाले.

७

रात्रभर मी कारणं तपासली. उष्णतेने होणारे भास. सिंधूताईंचं बोलणं आधी ऐकल्यामुळे कानांनी ऐकलेलं पाणी. पलंगाखालची जुनी रस्सी. प्रत्येक कारण आपापल्या जागी ठीक होतं. फक्त कप्तान त्यांतल्या कशानेही जेवणार नव्हता.

सकाळी साडेपाचला मी गोपाळरावांनी सही करून ठेवलेला एक कोरा अर्ज काढला. वय: म्हातारं. खूण: गळ्यात काथ्याचा दोर. त्यांची सही होती, तरी तिच्यावर मी काट मारली. या जनावराला ती आता लागत नव्हती. आपण हे जनावर का नेत आहात, हा माझाच प्रश्न. त्यापुढे बराच वेळ पेन धरून बसले, आणि मग लिहिलं: आत घेतलं नव्हतं म्हणून. खाली माझं नाव, धरमपेठेचा पत्ता.

इंदोऱ्यात पोचले तेव्हा ऊन अजून भिंतींच्या वरच होतं. सिंधूताईंनी मला पाहिलं, हातातला कागद पाहिला. कप्तानपुढे कण्यांची ताटली ठेवली आणि बाजूला झाल्या. कप्तान ताटलीकडे पाहत नव्हता.

मी आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेले. पलंगाकडे पाहिलं नाही. कागदावरचं सगळं मोठ्याने वाचलं, पत्त्यासकट.

"चल," मी म्हणाले.

बाहेर येऊन सायकल स्टँडवरून काढली. बसले नाही, हातात धरून, डावी बाजू मोकळी सोडून चालू लागले. घरमालकीणबाईंना काय सांगायचं ते सुचलं नव्हतं. रात्री माझ्या पलंगाखाली काय असेल, याचा विचार मी गल्लीच्या तोंडापर्यंत तरी करणार नव्हते.

दहा पावलं गेले असेन. मागून पडवीतून आवाज आला, जर्मनची ताटली फरशीवर एकाच जागी हलल्याचा. ढकलल्याचा नव्हता. कप्तान खात होता.

मी वळून पाहिलं नाही. चाल तेवढी थोडी हळू केली, म्हाताऱ्या पायांना जमेल अशी.